कोडशेअर विमानात गोल्ड कार्ड का चालत नाही? पैसे भरायच्या आधी काय बघावं?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एका परदेशी विमान कंपनीचं नेहमीच्या प्रवाशाचं (फ्रिक्वेंट फ्लायर) कार्ड आहे, त्यावर स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचा गोल्ड दर्जा. युरोप ते बेंगळूर आणि पुढं बेंगळूर ते सांबरा (बेळगावचा विमानतळ) असं एकाच तिकिटावर घ्यायचं आहे. दोन्ही टप्प्यांना फ्लाइट नंबर त्याच कंपनीचा दिसतो, पण सांबऱ्याच्या टप्प्याखाली बारीक अक्षरात दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे. मागच्या खेपेला अशाच तिकिटावर बेंगळूरच्या काउंटरवर कार्ड चालत नाही म्हणून जादा बॅगेचे पैसे घेतले, रांगही साधीच. तिकीट विकणारे म्हणतात विमानवाल्यांना विचारा, विमानवाले म्हणतात तिकीट ज्यांचं त्यांना विचारा. नियम नेमका काय आहे? आणि पैसे भरायच्या आधी काय काय बघून घ्यायचं?

सांबरा_रनवे:
कार्डाचे हक्क विमान चालवणाऱ्या कंपनीकडून मिळतात, तिकिटावरच्या कोडकडून नाही. कोडशेअर म्हणजे एका कंपनीनं दुसरीच्या विमानातल्या जागा स्वतःच्या नंबरावर विकायच्या. विमान, क्रू, काउंटर, बॅगेचा पट्टा सगळं दुसरीचं. त्या काउंटरवरच्या माणसाच्या स्क्रीनवर तुमचं गोल्ड तेव्हाच येतं, जेव्हा ती कंपनी स्वतः अलायन्सची सदस्य असते.

स्टार अलायन्सची अट अशी: विमान सदस्य कंपनीनं चालवलेलं हवं. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून सदस्य आहे. त्यामुळे एअर इंडियाच्या कोडवर लुफ्तान्साचं विमान असलं तरी गोल्ड चालतं, कारण दोन्ही सदस्य. इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही. एअर इंडिया एक्सप्रेससुद्धा स्टारची सदस्य नाही. नावात एअर इंडिया आहे म्हणून बरेच जण गृहीत धरतात, आणि नेमके तिथंच अडकतात.

वनवर्ल्ड या दुसऱ्या अलायन्सचं आणखी कडक आहे. तिथं विमान चालवणारी आणि कोड विकणारी, दोन्ही कंपन्या सदस्य लागतात. म्हणजे विमान सदस्याचंच, पण तिकीट बाहेरच्या कंपनीच्या कोडवर काढलं, तर लाउंज गेला.

याला अपवाद दोन कंपन्यांच्या थेट कराराचा. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, तरी क्वांटासच्या गोल्डवाल्यांना एमिरेट्सच्या विमानात लाउंज मिळतो, कारण त्या दोघांचा स्वतंत्र करार आहे. तेव्हा तुमच्या कार्डाच्या वेबसाइटवर भागीदारांच्या पानावर त्या कंपनीचं नाव शोधा. तिथं फक्त 'पॉइंट मिळवा' लिहिलं असेल, तर पॉइंटच मिळणार. रांग, बॅग, लाउंज यांचा उल्लेख वेगळा लागतो. पॉइंट आणि सवलती ही दोन वेगळी खाती आहेत, आणि सगळा घोळ ही दोन्ही एक समजल्यानं होतो.

पैसे भरायच्या आधी प्रत्येक टप्प्याखालचं 'ऑपरेटेड बाय' वाचा. मोबाईलवर ते बहुतेक वेळा लपलेलं असतं, टप्प्यावर बोट ठेवून तपशील उघडावा लागतो. परदेशी कंपनीचा चार आकडी फ्लाइट नंबर दिसला तर संशय घ्यायचा, पण नुसत्या त्यावरून ठरवू नका. इंडिगोचे स्वतःचे नंबरही चार आकडी असतात. 'ऑपरेटेड बाय' नंतर लुफ्तान्साच्या एअर डोलोमिटीसारखं उपकंपनीचं नाव आलं तर घाबरायचं कारण नाही, तिथं मूळ कंपनीचेच नियम लागतात; वर सांगितलेली एअर इंडिया एक्सप्रेस मात्र यात धरू नका.

खानापूरकर:
वरचं सगळं बरोबर. बॅगेचं मात्र जरा खोलात सांगतो, कारण बेळगाववाल्यांना खरा फटका परतीला बसतो.

ई-तिकिटावर प्रत्येक टप्प्यासमोर बॅगेची मर्यादा छापलेली असते: १ पीसी, २ पीसी किंवा ३० के. पीसी म्हणजे नग, के म्हणजे किलो. ही मर्यादा तिकिटाची आहे, तुमच्या कार्डाची नाही. एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्या असल्या की कुणाचा नियम लागायचा हे आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या ठराव ३०२ प्रमाणं ठरतं, आणि साधारणपणे समुद्रापलीकडचा मोठा टप्पा ज्याचा, त्याचा नियम पूर्ण प्रवासाला लागतो. अमेरिकेच्या तिकिटांना तर तिथल्या परिवहन खात्याचाच नियम आहे की सुरुवातीला लागलेली मर्यादा शेवटपर्यंत तीच राहणार.

गोल्डची जादा बॅग म्हणजे नगाच्या पद्धतीत १ नग, किलोच्या पद्धतीत २० किलो. ही तिकिटावर छापत नाहीत. सदस्य कंपनीचा काउंटर ती कार्ड बघून देतो. आता परतीला काय होतं बघा. युरोपात जादा बॅग फुकट चढली. बेंगळूरला कस्टमसाठी सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलाव्याच लागतात, भारतात पहिल्यांदा उतरता तिथंच. पुढच्या टप्प्यासाठी त्या परत काउंटरवर द्यायच्या, आणि तिथं त्यांचं परत वजन होतं. काउंटरवाला सवयीनं देशी १५ किलो धरतो. तिथं मोबाईलवरचा बोर्डिंग पास दाखवू नका, छापील ई-तिकीट पुढं करा आणि सांबऱ्याच्या टप्प्यासमोरच्या २ पीसीवर बोट ठेवा. तिकिटावर छापलेलं त्याला द्यावंच लागतं. तिसरी, म्हणजे गोल्डची बॅग, द्यायला तो बांधील नाही. टिळकवाडीकर, तुमच्याकडून पैसे घेतले ते बहुतेक त्याच बॅगेचे. छापलेल्या २ पीसीपैकीच एकाचे घेतले असतील, तर मात्र ते चुकीचं आहे आणि पावतीवर परत मागता येतात.

तिसऱ्या बॅगेला दोन वाटा. एक, जादा वजन आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. पण ते तिकीट विकणाऱ्याच्या साइटवर बहुतेक वेळा घेताच येत नाही. विमान चालवणाऱ्या कंपनीचा पीएनआर वेगळा असतो, तो फोन करून मागून घ्या आणि त्यांच्या साइटवर तो टाका. दोन, तिकीट बेंगळूरपर्यंतच काढा आणि पुढं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं या. थ्री-टियर एसीला ४० किलो, टू-टियरला ५० किलो सामान फुकट नेता येतं. विमानतळावरून स्टेशन गाठायला वेळ हाताशी ठेवा, बेंगळूरच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही.

सांबऱ्याचं तिकीट वेगळं काढणार असाल तर ई-तिकीट दाखवून काही उपयोग नाही, सरळ १५ किलोच. शिवाय इंडिगोचं देशी विमान बेंगळूरला टर्मिनल १ (टी-१) ला आणि आंतरराष्ट्रीय सगळं टी-२ ला, तेव्हा बॅगा घेऊन शटल बसनं इकडून तिकडं जावं लागतं.

टिळकवाडीकर:
सांबरा_रनवे, खानापूरकर, मनापासून आभार. तिसऱ्याच बॅगेचे होते पैसे, बरोबर. आणखी एक अडचण आहे. सदस्य कंपनीच्या विमानातसुद्धा कधी कधी बोर्डिंग पासवर गोल्ड येतच नाही. तो काय प्रकार?

निपाणीकर:
तो नंबर पुढं पोचला नसल्याचा प्रकार. गोल्ड लागलेलं असलं की बोर्डिंग पासवर नावाच्या आसपास चांदणी आणि जी, किंवा 'स्टार गोल्ड' असं छापून येतं. ते नसेल तर लाउंजच्या दारातला माणूस प्लास्टिकचं कार्ड बघून सोडेल याचा नेम नाही.

कारणं तीन, आणि त्याच क्रमानं तपासा. पहिलं, तुम्ही नंबर विकणाऱ्याच्या बुकिंगमध्ये टाकलात, तो दुसऱ्या कंपनीच्या बुकिंगमध्ये गेलाच नाही. त्यांचा पीएनआर घेऊन त्यांच्या साइटवर नंबर परत टाका, किंवा फोनवर एजंटला एफक्यूटीव्ही (म्हणजे फ्रिक्वेंट फ्लायर नंबराची) नोंद दिसते का विचारा. हा शब्द वापरला की काम पटकन होतं. वेळापत्रक बदललं, जागा बदलली, की ही नोंद कधी कधी उडते, म्हणून चेक-इन उघडल्यावर परत एकदा बघायचं.

दुसरं, चुकीच्या कार्डाचा नंबर. एका टप्प्याला एकच नंबर बसतो आणि दर्जा त्या नंबरासोबतच जातो. पॉइंट वेगळ्या कार्डावर साठवायचे म्हणून तो नंबर टाकलात की गोल्ड गेलं.

तिसरं म्हणजे नाव, आणि आपल्या भागात हे फार होतं. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आडनावाच्या रकान्यात आडनाव. कार्ड काढताना मात्र वडिलांचं नाव गाळलेलं. कित्येकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो, मग तिकिटावर एकच नाव दोनदा छापतात किंवा एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) घालतात. सिस्टीमला दोन नावं जुळत नाहीत, ती नंबर परतवून लावते, आणि कुणी कळवतही नाही. तिकिटाचं नाव पासपोर्टप्रमाणंच राहू द्या, कार्डावरचं बदलून घ्या. पासपोर्टची प्रत पाठवली की ते बदलून देतात.

एवढं करूनही नोंद लागली नाही तर मशीनवरून पास काढू नका. काउंटरला जाऊन नंबर घालायला सांगा आणि पास परत छापून घ्या. गेटवर गेल्यावर बॅगेला प्रायॉरिटीचा टॅग लावून मिळत नाही, बॅग आधीच आत गेलेली असते.

शहापूरची_वाचक:
पैसे परत मागायचे असतील तर आधी कुणाकडे जायचं ते तिकिटाच्या १३ आकडी नंबरावरून बघा. पहिले तीन आकडे तिकीट काढून देणाऱ्या कंपनीचे: ०९८ एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स, ३१२ इंडिगो. भाडं, रिफंड, छापलेली मर्यादा याबद्दल त्या कंपनीला लिहा. काउंटरवर घेतलेल्या पैशाबद्दल ज्याची पावती आहे त्याला, पहिल्या कंपनीला प्रत जोडून. पावती नाही तर काही नाही, ती काउंटर सोडायच्या आधी मागून घ्या.

विक्रीच्या पानावर 'गोल्डच्या सवलती लागू' असं लिहिलेलं असेल आणि मिळाल्या नसतील, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. बुकिंग करतानाच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ते नंतर बदलतं. पहिली पायरी एअरसेवा हे विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं मराठीतून बोलता येतं. पुढं जायचं झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे बेळगावातच. कंपनीचं ऑफिस दिल्लीला असो की परदेशात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षं.

आणि टिळकवाडीकर, मागच्या प्रवासाचे पॉइंट जमा झालेत का तेही बघून घ्या. कोडशेअर टप्प्याचे बरेचदा आपोआप येत नाहीत. तिकीट नंबर आणि बोर्डिंग पास जोडून दावा करावा लागतो, आणि बऱ्याच कार्डांना त्याची मुदत सहाच महिने असते.