७८च्या तबकडीतला आवाज गंगूबाईंचाच काय?

शहापूरकर: आजोबांच्या ट्रंकेत गायिका गंगूबाई हनगलांची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी ग्रामोफोनची) तबकडी मिळाली. लेबलवर गाणारीचं नाव मात्र ‘गांधारी’. आवाज इतका बारीक की कॅसेटवरच्या गंगूबाई ह्याच, हे पटेना. मशीन जोरात फिरतंय काय?

खडेबाजारचा काका: मशीन ठीक आहे बाळा. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज भरदार, खालचा झाला. दोन्ही त्याच, ‘गांधारी’ हे त्यांचंच आधीचं नाव! आणि ७८च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात. तेवढ्यात अस्ताई, अंतरा (बंदिशीचे दोन भाग), चार ताना उरकायच्या. नंतर आलेल्या, हळू फिरणाऱ्या एलपी तबकडीवर बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, तेव्हा कुठं त्यांची संथ बढत (राग हळूहळू फुलवणं) घरात बसून ऐकता आली. ७८ लावताना पोलादी सुई दर बाजूला बदल. बोथट सुई खाचा खरवडते, मग ते गाणं कायमचं गेलं.

निपाणीकर: आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे गायक कुमार गंधर्व (जन्म १९२४) पण ऐक. पोरवयात ७८वर, क्षयातून उठल्यावर एलपीवर. दोन्ही लागोपाठ लाव.

शहापूरकर: काका, नवी सुई घातली. खरखर आहेच, पण तान संपताना घेतलेला श्वास ऐकू आला. आईला बोलावून परत लावली.