ॲक्टिव्ह साइटपासून लांब म्युटेशन आहे तरी एन्झाइम काम का करत नाही? (पीकेयू)

भाचीचा_मामा
माझी भाची ३ वर्षांची आहे, तिला पीकेयू म्हणजे फेनिलकीटोन्युरिया आहे, जेवणातल्या प्रोटीनमधलं फेनिलॲलानिन हे अमिनो ॲसिड शरीराला नीट वापरता येत नाही आणि ते रक्तात साठतं, असा जन्मजात आजार. जेनेटिक रिपोर्ट परवा हातात आला, पीएएच जीनमधे (यावरूनच फेनिलॲलानिनवर काम करणारं एन्झाइम बनतं) दोन म्युटेशन सापडलीयत, आर४०८डब्ल्यू आणि वाय४१४सी. रात्री बसून थोडं वाचलं तर कळलं की ज्या जागी एन्झाइमचं खरं काम चालतं ती ॲक्टिव्ह साइट आणि या दोन्ही जागा वेगळ्या आहेत. मग ४५२ अमिनो ॲसिडमधलं एकच बदललं, तेही पार शेवटाकडचं, तर अख्खं एन्झाइम कसं काय बंद पडतं? आणि डॉक्टर म्हणाले बीएच४ नावाचं औषध देऊन बघू, वाय४१४सी असेल तर बऱ्याचदा उपयोग होतो, आर४०८डब्ल्यूला सहसा नाही. असं का? ताई मला विचारते आणि मला धड सांगता येत नाही.

घडीमोड
मामा, प्रश्न अगदी बरोबर जागी आलाय. एन्झाइम बंद पडत नाहीये, ते टिकत नाहीये. पीकेयूच्या बहुतेक मिसेन्स म्युटेशनमधे, म्हणजे एका अमिनो ॲसिडच्या जागी दुसरं येतं तेव्हा, हेच होतं.

प्रोटीन म्हणजे लांबलचक साखळी, ती ठरलेल्या पद्धतीने घडी होऊन बसली तरच कामाची. आणि ही घडी आपल्याला वाटते तितकी पक्की नसते, घडी असलेलं आणि उलगडलेलं यातला फरक साधारण ५ ते १५ किलोकॅलरी प्रति मोल, बस. त्यातले दोन-तीन एका चुकीच्या अमिनो ॲसिडने खाल्ले की घडी सैल पडते. पेशीत शॅपरोन नावाची मदतनीस प्रोटीन असतात ती सावरायचा प्रयत्न करतात, नाहीच जमलं तर तो माल प्रोटिअसोमकडे तोडायला जातो. म्हणजे जीन वाचला जातोय, साखळी बनतेय, पण लिव्हरमधे शेवटी शिल्लक राहतं ते अगदी थोडं.

आता तुमच्या भाचीची दोन. हे एन्झाइम एकटं काम करत नाही, चार साखळ्या एकत्र येऊन टेट्रामर होतो आणि त्यांना बांधून ठेवणारा भाग साखळीच्या शेवटाला असतो. ४०८ नंबर त्या भागाच्या तोंडाशी आहे आणि ४१४ त्या भागातच, म्हणून ॲक्टिव्ह साइटला हात न लावताही नुकसान होतं. आर४०८डब्ल्यूमधे आर्जिनिन जाऊन तिथे ट्रिप्टोफॅन येतं, पॉझिटिव्ह चार्ज गेला आणि त्या जागी भलीमोठी रिंग येऊन बसली, जी तिथे मावतच नाही. जवळजवळ काहीच उरत नाही. वाय४१४सीमधे टायरोसिनच्या जागी सिस्टीन येतं, ते आकाराने लहान, घडी सैल होते पण मोडत नाही, थोडं एन्झाइम वाचतं.

बीएच४ हा याच एन्झाइमचा कोफॅक्टर म्हणजे कामातला जोडीदार रेणू, तो नेहमीच लागतो. जास्त दिला की तो एन्झाइमला चिकटून आतून आधार देतो, त्यामुळे सैल घडीचं एन्झाइम जास्त वेळ टिकतं. पण धरायला काहीतरी घडी हवी ना, आर४०८डब्ल्यूमधे तीच नसते. भाचीकडे एक वाय४१४सी आहे ही मला चांगली गोष्ट वाटते, टेस्ट नक्की करा.

भाचीचा_मामा
खूप खूप आभार, पहिल्यांदा नीट कळलं. अजून एक, तिला ताप आला की फेनिलॲलानिन वाढतं. ताप म्हणजे उष्णता, त्याने सैल एन्झाइम अजून मोडतं, असं आहे का?

घडीमोड
तर्क चांगलाय पण पीकेयूत मुख्य कारण वेगळं आहे. आजारपणात शरीर स्वतःचंच प्रोटीन तोडायला लागतं आणि त्यातलं फेनिलॲलानिन रक्तात येतं. तुम्ही म्हणताय तसं तापमानाचं एमकॅड डेफिशियन्सीत दिसतं, म्हणजे चरबी तोडणाऱ्या एका एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेत. तिथलं के३०४ई म्युटेशन असलेलं एन्झाइम कमी तापमानाला वाढवलेल्या पेशींमधे जास्त बरं जुळून येतं, हे प्रयोगांत दिसलंय.

रक्तपेशी_लॅब
यात भर घालते. जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमच्या कमतरतेत ही टिकण्याची गोष्ट रोज टेबलावर दिसते. लाल पेशीत न्यूक्लियस नाही, त्यामुळे नवीन एन्झाइम बनतच नाही, जन्मताना जे मिळालं त्यावर सुमारे १२० दिवस काढायचे. एन्झाइम अस्थिर असेल तर म्हाताऱ्या पेशींत ते जवळपास संपलेलं असतं आणि हिमोलिसिसमधे (लाल पेशी फुटण्याच्या झटक्यात) त्याच आधी फुटतात. मागे राहतात तरुण पेशी, त्यांच्यात एन्झाइम बऱ्यापैकी असतं, म्हणून झटक्यानंतर लगेच टेस्ट केली तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो!! असा नॉर्मल रिपोर्ट बघून निर्धास्त होऊ नका, काही आठवड्यांनी परत करा असं मी प्रत्येकाला सांगते.

पीकेयू_आई
मामा, आमची बीएच४ टेस्ट झालीये म्हणून सांगते. टेस्टच्या दिवसांत जेवणातलं प्रोटीन रोज जेवढं असतं तेवढंच ठेवायचं, कमी नाही जास्त नाही, नाहीतर रक्तातल्या फेनिलॲलानिनचा आकडा औषधाने उतरला की जेवणाने ते कळतच नाही. साधारण ३०% उतार आला तर प्रतिसाद आहे असं धरतात. आमच्या लेकीला मधेच सर्दी-ताप झाला, आकडे वर गेले आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, टाचेला इतक्या वेळा टोचलं की ती पाय पोटाशी धरून बसायची. ती पूर्ण बरी असताना तारीख घ्या.

भाचीचा_मामा
आत्ता तिला खोकला आहे. ताईला लगेच फोन करतो, सोमवारची तारीख पुढे ढकलायला सांगतो.