वड-पिंपळ त्या यादीतच नाहीत
'खेड्यात झाड तोडायला परवानगी लागतच नाही' असं वर एकांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे, हे बरोबर. पण त्याआधीचा १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे ना! त्यात स्वतःच्या शेतातल्या झाडालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मात्र ते अनुसूचीतलं, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतलं असेल तरच: साग, मोह, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, खैर, हिरडा वगैरे.

खरी मेख इथेच आहे. वड, पिंपळ, उंबर त्या यादीत नाहीत. आमच्या शेजारच्या मळ्यातला जुना वड पाडला तेव्हा मी तक्रार घेऊन गेले होते, तर यादी दाखवून परत पाठवलं. वड पिकला की हरियलांचे (हिरव्या कबुतरांचे) थवे उतरायचे त्यावर. त्याच बांधावरचं जांभूळ अजून उभं आहे.