अनुभव धागा : घर ख्रिस्ती, दार सर्वांना. कॉफीशॉपचं नाव काय ठेवावं?

वसईत ख्रिस्ती घरातल्या कुणी कॉफीशॉप काढायचं म्हटलं की पहिला पेच नावाचा. मालकाची श्रद्धा लपायला नको, पण नाव वाचून आगरी, वाडवळ, मुसलमान किंवा जैन गिऱ्हाइकाला 'हे आपल्यासाठी नाही' असंही वाटायला नको. ज्यांनी नावं सुचवलीत, फलक केलेत, नोंदण्या करून दिल्यात, त्यांनी कामाचा तपशील लिहावा. कुठे अडतं आणि का, ते विशेष करून.

धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी, गिरीज

संतांची नावं आधीच बाजूला ठेवा. 'सेंट' लागलं की कॅथलिक, 'बेथेल' लागलं की प्रोटेस्टंट किंवा पेंटेकोस्टल, असं ख्रिस्ती माणूस झटकन ओळखतो. इतर धर्मीयांचं राहू द्या, आपल्यातलेच निम्मे बाहेर राहतात.

त्यापेक्षा बायबलमध्ये पाहुणचार कुठे आहे ते शोधा. पाच जागा कामाच्या आहेत. उत्पत्तीच्या 18 व्या अध्यायात अब्राहाम मम्रे इथे तीन अनोळखी वाटसरूंना झाडाखाली बसवून खाऊ घालतो. लूक 10 मध्ये मार्थेच्या घरचं आतिथ्य आहे. लूक 24 मध्ये अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे भाकर मोडताना येशूला ओळखतात. योहान 4 मध्ये याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, आणि यहुदी-शोमरोनी यांच्यात तर व्यवहारच नव्हता. योहान 21 मध्ये पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो.

आता हे शब्द फलकावर वाचून बघा. 'अम्माऊस'मध्ये आपल्याकडे 'अम्मा' आणि 'ऊस' दिसतात, रसवंती वाटते. 'मम्रे' गुजराती गिऱ्हाइकाला ममऱ्यांची, म्हणजे कुरमुऱ्यांची, आठवण देतं. 'मार्था' चांगलं आहे: ख्रिस्ती माणसाला संदर्भ कळतो, बाकीच्यांना ते एका बाईचं नाव वाटतं, आणि स्वयंपाक्यांची ती आश्रयदात्री संत आहे, सण 29 जुलैला. माझं मत मात्र विहिरीच्या बाजूनं. परक्याकडे प्यायला मागण्याचा हा प्रसंग अगदी थेट आहे. वसईत त्या विहिरीला घरचा शब्द आहे : बावखल. वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं हे तळं हिंदू-ख्रिस्ती दोघांच्या वाड्यांत असतं. श्रद्धा ज्याला वाचायची त्याला वाचता येते, ज्याला नाही त्याला गाव दिसतं.

कप-नॅपकिन छापणारा, नालासोपारा

येशू, मारिया, क्रूस यांपैकी काहीही कागदी कपावर छापायचं नाही. कप कचऱ्यात जातो, रस्त्यात पायाखाली येतो, आणि तक्रार पहिल्यांदा चर्चमधूनच येते. असं नाव ठेवायचंच असेल तर ते फलकावर आणि बिलावर ठेवा, कपावर फक्त चिन्ह द्या.

चिन्हाचंही एक सांगतो. पांढऱ्यावर लाल क्रूस वापरू नका. ते रेडक्रॉसचं बोधचिन्ह आहे आणि जिनिव्हा करार कायदा, 1960 नं परवानगीशिवाय त्याच्या वापराला मनाई आहे.

ट्रेडमार्कची कामं करणारी, दादर

वरच्या ताईंच्या यादीत 'न्याहारी' नाव म्हणून गोड आहे, पण नोंदणीत अडकेल. खाद्यसेवेसाठी तो नुसता वर्णन करणारा शब्द आहे आणि व्यापारचिन्ह कायदा, 1999 चं कलम 9 अशा शब्दावर एकाची मक्तेदारी देत नाही. 'बावखल'चा कॉफीशी काही संबंध नाही, म्हणून तेच जास्त मजबूत. त्याच कलमात धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता असलेल्या चिन्हांनाही नकार आहे. शिवाय 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'रामायण' या नावावर अगरबत्तीसाठी मक्तेदारी नाकारली. धर्मग्रंथाचं नाव एकाचं होऊ शकत नाही, हे तत्त्व बायबललाही लागू आहे.

क्रम असा ठेवा. आधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात शब्द जसाच्या तसा आणि उच्चारानुसारही तपासा. 'बावखल', 'बावखळ', 'बाव', सगळं. कॉफीशॉपच्या सेवेचा वर्ग 43. भाजलेल्या बिया किंवा पूड पाकिटात विकणार असाल तर वर्ग 30 सुद्धा. अर्जाचा नमुना टीएम-ए. ऑनलाइन भरला तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला दर वर्गामागे 4,500 रुपये, इतरांना 9,000. अर्ज ट्रेडमार्कच्या नियतकालिकात छापल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लिहिता येतं. गोलातला आर (नोंदणीकृत असल्याची खूण) मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे.

फलक करणारा, पापडी

महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, दुकानाचं नाव देवनागरीत लागतं. मराठी आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही. त्यामुळे नाव ठरवताना ते देवनागरीत कसं दिसतं हे पहिलं बघा, रोमन नंतर. त्याच दुरुस्तीत दारू विकणाऱ्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी आली. वसईच्या किल्ल्यावरून नाव ठेवून पुढे कधी बिअरचा परवाना काढायचा विचार असेल तर आत्ताच दुसरं नाव शोधा.

माप : दर 10 फूट अंतराला 1 इंच उंची. रस्त्यापलीकडे 40 फुटांवरून वाचायचं तर अक्षराचा मूळ भाग 4 इंच हवा. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, म्हणून पट्टी 8 इंच धरा. इंग्रजी फलकाच्या मापानं पट्टी घेतली की कारागीर मात्रा दाबून बसवतो आणि नाव लांबून वाचता येत नाही.

अॅक्रिलिक कापताना शिरोरेषेमुळे सगळा शब्द एका तुकड्यात निघतो, हे बरं. पण अनुस्वाराचा ठिपका सुटा निघतो, वेगळा चिकटवावा लागतो आणि पावसाळ्यात तोच आधी पडतो. 'आनंद'चा 'आनद' होतो. अनुस्वाराचं नाव असेल तर ठिपक्याला मागून स्क्रू मागा. 'मार्था'तला रफार मात्र शिरोरेषेला जोडून काढता येतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये तसाच चिकटवला की अक्षरं उलटीपालटी होतात, म्हणून अंतिम फाइल कर्व्ह करून (अक्षरांची आकृती करून) घ्या आणि कापण्याआधी कागदावर छापून मोठ्यानं वाचा.

समुद्र जवळ आहे. साधे लोखंडी स्क्रू गंजून अक्षरांखाली तांबडे ओघळ येतात. 316 ग्रेडचे स्टेनलेस घ्या, 304 खाऱ्या हवेत कमी टिकतं.

मराठी बेने इस्राएल, अश्दोद

कुणी 'शालोम' नाव सुचवेल, म्हणून एवढंच. इथे इस्राएलमध्ये तो रोजचा नमस्कार आहे. पण अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला हा शब्द लोक आधी आमच्याशी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंशी, जोडतील. ज्यू पाहुणे आत येऊन कोशर (ज्यू धर्मनियमानुसार खाण्यायोग्य) आहे का ते विचारतील, आणि तुमच्याकडे कोळंबीचं सँडविच असेल.

बेकरी आणि खानपान, नंदाखाल

नावाखाली 'सर्वधर्मीयांचे स्वागत' लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, हे सांगायची वेळ का आली? दुकानात, उपाहारगृहात धर्म किंवा जातीवरून कुणालाही अडवायचं नाही हे घटनेच्या 15 व्या कलमातच आहे. स्वागत पाटीपेक्षा पदार्थात आणि दारात दाखवा.

अंड्याचा केक मांसाहारात मोडतो, त्याला तपकिरी त्रिकोणाची खूण; हिरवा गोल फक्त बिनअंड्याच्या पदार्थाला. त्या केकचं भांडं, चमचा, बरणी वेगळी. नाताळच्या केकमध्ये रम असेल तर पाटीवर तसं लिहा, मुसलमान गिऱ्हाईक विचारायला लाजतं. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, तेही लिहा. जैन गिऱ्हाइकासाठी कांदा-लसूण-बटाटा नसलेले दोन पदार्थ रोज ठेवा. वसईची सुकेळी (वाळवलेली केळी) घातलेला बिनअंड्याचा केक त्यात सहज बसतो. दारात सहा इंचांची पायरी असेल तर उतार सहा फूट लांब हवा, म्हणजे एकास बारा. दोन फुटांचा उतार करून दिला तर चाकाची खुर्ची मागे कलंडते.

हिशेब आणि ऑनलाइन नोंदी पाहणारा, विरार

गुगलच्या नकाशावर फलकावरचंच नाव टाका. पुढे 'बेस्ट कॉफी वसई' जोडलं तर नोंद स्थगित होऊ शकते. रोमन स्पेलिंग एकदा ठरवा आणि जीएसटी, अन्नपरवाना, डिलिव्हरी अॅप सगळीकडे तेच ठेवा. यूपीआयच्या क्यूआरवर खातेदाराचं व्यक्तिगत नाव दिसतं आणि फलकावर 'बावखल' असतं. गिऱ्हाईक पैसे पाठवताना तिथेच थबकतं. चालू खातं दुकानाच्या नावानं उघडा आणि क्यूआर त्याच खात्यावर घ्या.