मदत हवी आहे: मराठी अक्षरं तुटतायत, कापली जातायत. चांगला फॉन्ट सांगा (सोमवारी द्यायचं आहे)

निफाड_पॅसेंजर
बाजारभावाचं काम आहे. लासलगाव, पिंपळगाव, नाशिक इथले कांद्याचे रोजचे भाव दाखवायचे. इंग्रजीत सगळं झकास दिसतं. भाषा मराठी केली की बटणावरच्या वेलांट्या वरून कापल्या जातात, शिरोरेषा मध्येमध्ये तुटते, ठळक अक्षरांची नुसती गिचमिड. एका पानावर तर "शेतकऱ्यांसाठी"चं "शेतकर्यांसाठी" झालंय. फॉन्ट बदलून बघितले, काही फरक नाही. फुकट, वाचायला सोपा आणि मराठीला शोभेल असा फॉन्ट हवा. नुसतं नाव सांगितलं तरी चालेल.

मुक्तछंद
मुक्ता. 'एक टाइप' या संस्थेचा आहे, फुकट आहे, ७ वजनं (अक्षरांच्या जाड्या) मिळतात. विषय संपला.

काना_मात्रा
संपला कसा? फॉन्ट बदलूनही फरक नाही, हे त्यांनीच लिहिलंय. म्हणजे दुखणं फॉन्टमध्ये नाही.
वेब आहे, अँड्रॉइड आहे की फ्लटर (गूगलचं ॲप बनवायचं साधन)? ओळीची उंची किती दिलीय? लेटर-स्पेसिंग (दोन अक्षरांमधली जागा) शून्य आहे का? ठळक वजनाची फाइल खरोखर लोड होते का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गंगापूररोड
फ्लटरच असणार. टेक्स्टस्टाइलमध्ये हाइट १.५ करा, लोकेल मराठी द्या आणि लीडिंग-डिस्ट्रिब्यूशन 'इव्हन' ठेवा. तसं नाही केलं तर वाढवलेली जागा वर-खाली सारखी वाटली जात नाही आणि बटणातला मजकूर मधोमध बसत नाही.

निफाड_पॅसेंजर
फ्लटर नाही हो. साधं वेबच आहे.

जुनी_टंकशाळा
श्री-लिपीतला (जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर) एखादा फॉन्ट घ्या. छापील मराठीला जे वळण आहे ते या नव्या फॉन्टांना नाही.

काना_मात्रा
@जुनी_टंकशाळा, वळणाबद्दल वाद नाही. पण ते जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणारी पद्धत) नाहीत. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट लोड व्हायला क्षणभर उशीर झाला की पडद्यावर इंग्रजी कचरा दिसतो, शोध चालत नाही, आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर काहीही बरळतो. पत्रिका छापायला ठीक आहेत. भाव दाखवायला नकोत.

कुंचला
मथळ्याला बालू वापरा, गोलमटोल आणि गोड दिसतो. आणि दुकानांच्या पाट्यांवर हल्ली जो हिंदी वळणाचा ल आणि श दिसतो तो तरी टाळा. कॉलेज रोडला एक फेरी मारली तर डोकं फिरतं.

मुक्तछंद
पाट्यांचा वेगळा धागा काढा.

गंगापूररोड
नाही, तो मुद्दा इथलाच आहे. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही वळणं असतात, आधी हिंदीचं येतं. पानाच्या एचटीएमएल टॅगवर लँग "एमआर" (मराठीचा कोड) लिहिलं तरच मराठी ल-श मिळतो. रिॲक्टच्या (वेब पानं बनवायचं साधन) तयार साच्यात तिथे "ईएन", म्हणजे इंग्रजी, असतं आणि ते बदलायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. रिॲक्ट आहे का? भाषा बदलताना लँगही बदलायला हवं, एकदाच लिहून भागत नाही.

निफाड_पॅसेंजर
रिॲक्टच आहे. "ईएन" होतं. आता ल-श बदलले, धन्यवाद. पण कापलेल्या वेलांट्या? माझा प्रश्न तोच होता. डिझाइन फिग्मामधून (डिझाइनचं साधन) आलंय, मटेरियल ३ चं (गूगलची डिझाइन पद्धत) किट. बटणाची उंची ३६, फॉन्ट १४, लाइन-हाइट (ओळीची उंची) १, ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर गेलेलं लपवा). लेटर-स्पेसिंग फिग्मात होतं तेच.

काना_मात्रा
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर सगळ्यांचा वेळ वाचला असता.

मटेरियल ३ च्या बॉडी-लार्ज या मजकूर-शैलीला ०.५ लेटर-स्पेसिंग असतं आणि बॉडी-मीडियमला ०.२५. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना चालतं. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या रेषेला टेकलेली असते. त्यात जागा घातली की रेषा तुटणारच, मग फॉन्ट मुक्ता असो की आणखी कुठला. मराठीसाठी सगळीकडे शून्य. ऋणही नको, मात्रा एकमेकींवर चढतात.

कापण्याचं कारण लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की उंची किती जाते ते "प्रत्यक्षदर्शींना" लिहून बघा. खालच्या बाजूला "शत्रूंना" आणि "कृषी". लाइन-हाइट १.५, लांब मजकुराला १.६ ते १.७. बटणाला ठरावीक उंची देऊ नका. मिन-हाइट ४८ ठेवा, वर-खाली पॅडिंग द्या, ओव्हरफ्लो काढून टाका. एखाद्याने फोनमधली अक्षरं मोठी केली असतील तर ठरावीक उंचीचं बटण पुन्हा कापेल. २०० टक्क्यांवर नेऊन तपासा.

मुक्तछंद
लेटर-स्पेसिंग थोडं हवंच. लहान आकारात अक्षरं चिकटतात, मोकळी झाली की वाचायला सोपं जातं.

काना_मात्रा
मग आकार वाढवा. १४ वर देवनागरी दाटच दिसते, कारण शिरोरेषेच्या वरचं आणि पायाच्या खालचं सगळं त्याच मापात बसवायचं असतं. मराठीत मजकूर १६ किंवा १७, १४ च्या खाली काहीच नको. शिरोरेषा फाडून मोकळेपणा मिळत नाही, त्यातून शब्दाचा आकारच जातो.

मुक्तछंद
हे तुमचं मत झालं.

गंगापूररोड
मत नाही, फोन उचलून बघा.

ठळकचं राहिलं. फिग्मात वजन ६०० आणि पानावर फक्त ४०० ची फाइल, असं असेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून खोटं ठळक बनवतो. इंग्रजीत ते खपून जातं. ष, क्ष, भ, घ यांची पोटं मात्र बुजतात. सीएसएसमध्ये फॉन्ट-सिंथेसिस 'नन' करा. ठळक अचानक साधं दिसायला लागलं तर फाइल आलेलीच नाही असं समजा. ४०० आणि ६०० दोन्ही मागवा, बाकीची वजनं उगाच लोड करू नका. आणि मराठीत इटॅलिक लावू नका, बहुतेक फॉन्टांत ते नसतंच. ब्राउझर सरळ अक्षर तिरकं करतो.

निफाड_पॅसेंजर
४०० चीच होती. बटणं आणि ठळक दोन्ही बसले. "शेतकर्यांसाठी" तसंच आहे. तक्त्यात "सर्वसाधारण" दोन ओळींत फुटतंय. भाव एकाखाली एक येत नाहीत, आणि कधी मराठी आकडे दिसतात, कधी इंग्रजी.

कुंचला
"सर्वसाधारण"ऐवजी "सरासरी" लिहा. लहान आहे.

लिलाव_शेड
अजिबात नको. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल, सर्वसाधारण असेच रकाने असतात. सरासरी म्हटलं की व्यापारी आणि शेतकरी दोघंही विचारतील की ही कसली काढली.

गंगापूररोड
शब्द बदलू नका, रुंदी बदला. नोटो सान्स देवनागरीच्या व्हेरिएबल (जाडी-रुंदी बदलता येणाऱ्या) फाइलमध्ये रुंदीचा अक्ष आहे, ६२.५ ते १०० टक्के. फक्त तक्त्याच्या मथळ्याला फॉन्ट-स्ट्रेच ८७.५ टक्के द्या. ॲट-फॉन्ट-फेसमध्येही (सीएसएसमध्ये फॉन्टची फाइल जोडायची जागा) फॉन्ट-स्ट्रेच ६२.५ ते १०० अशी व्याप्ती लिहावी लागते, नाहीतर काहीच होत नाही. मुक्तात ही सोय नाही.

आकड्यांचं म्हणाल तर टू-लोकेल-स्ट्रिंगला (आकडे भाषेप्रमाणे लिहिणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) "एमआर-आयएन" दिलं की देवनागरी आकडे येतात, १,२३,४५६ असे. जिथे ते दिलेलं नाही तिथे इंग्रजी. इंग्रजी आकडे पण लाख-हजाराचे स्वल्पविराम हवे असतील तर "एमआर-आयएन-यू-एनयू-लॅटन". काय ते एक ठरवा.

लिलाव_शेड
मराठी आकडेच ठेवा.

मुक्तछंद
इंग्रजी. फोनच्या कीपॅडवर सगळे इंग्रजीच दाबतात.

काना_मात्रा
दोन्ही चालतील, भेसळ नको. भाव टाकायची चौकट असेल तर दोन्ही आकडे स्वीकारा, साठवताना एकाच प्रकारात बदला. रकाना उजवीकडे टेकवा आणि टॅब्युलर-नम्स (सगळे आकडे एकाच रुंदीचे) लावा. त्या फॉन्टमध्ये सोय नसेल तर लावूनही फरक पडत नाही. १११ आणि ८८८ एकाखाली एक लिहून रुंदी बघा.

आता "शेतकऱ्यांसाठी". हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे खालच्या ठिपक्याचा ऱ, हलंत, य. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, झेडडब्ल्यूजे नावाचा न दिसणारा जोडक, मग य. तुमच्या सर्व्हरवर कुठेतरी "अदृश्य अक्षरं साफ करा" अशी पायरी असणार. तिने जोडक खाल्ला की रफार चढतो. साफसफाईच्या आधी र, हलंत, जोडक हे त्रिकूट बदलून ठिपक्याचा ऱ आणि हलंत करा. शोधालाही फायदा, नाहीतर एकाच शब्दाची दोन रूपं एकमेकांना सापडत नाहीत.

निफाड_पॅसेंजर
ती पायरी आहे, सापडली. पण आधीचा डेटा बिघडलेलाच आहे. सगळ्या "र्यां"चं "ऱ्यां" करून टाकू का?

काना_मात्रा
करू नका. "आचार्यांना", "कार्यांचा" यात रफारच बरोबर आहे. शेतकरी, व्यापारी, कर्मचारी, अधिकारी, वारकरी यांच्या रूपांची यादी करा आणि तेवढेच शब्द बदला.

"ॲप" हा शब्दही तपासा. त्याचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला, जुन्या फॉन्टात तिथे चौकोन दिसतो. आणि अ वर नुसती चंद्रकोर चढवली तर काही फोनवर मधे ठिपक्यांचं वर्तुळ येतं.

लिलाव_शेड
करड्या रंगाचं कोणीच बोललं नाही. भाव बघितले जातात ट्रॅक्टरवर, भर उन्हात. फिकट अक्षरं तिथे दिसत नाहीत.

गंगापूररोड
बरोबर. पांढऱ्यावर ९९९ या रंग-कोडचा करडा घेतला तर कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८, साध्या मजकुराला किमान ४.५ हवा. ५९५९५९ घ्या, ७ मिळतो. तारीख-वेळसुद्धा त्याच रंगात.

निफाड_पॅसेंजर
"सर्वसाधारण" एका ओळीत बसलं, ८७.५ वर नाही, ८० वर. रंग बदलला. आकडे कोणते ते मालकांना विचारते.

मुक्तछंद
मग तक्त्याला नोटो राहू द्या, मथळ्याला मुक्ता.