मदत हवी आहे: गोष्ट बोलतात छान, लिहिताना दोन ओळींत संपते

चौथीच्या वर्गात डिजिटल गोष्टी करून घेतेय: मुलांनी काढलेली चित्रं, त्यावर त्यांचाच आवाज. बोलताना भलतीच रंगतात, लिहायला बसवलं की गाडी अडते. आधी लिहून मग रेकॉर्डिंग करून पाहिलं, तर वाचन सपाट झालं. स्टोरीबोर्डच्या (गोष्टीचे प्रसंग चौकटींत क्रमाने मांडलेला कागद) प्रत्येक चौकटीत एकेक वाक्य लिहायला दिलं. वाक्यं आली, पण ‘म्हणून’, ‘तेवढ्यात’ असे जोडणारे शब्द गायब! बोलून टाइप करणं मुद्दाम टाळतेय, जोडाक्षरांचा सराव हवाच आहे. टॅब एकच, इंटरनेट बेभरवशाचं. अ‍ॅप सुचवू नका, ते आहे. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून मुलांनीच ते कागदावर उतरवायचं, मग सुधारायचं, हा क्रम कुणी वापरलाय का? आणि लिहिताना मागे पडणाऱ्यांना नेमका कोणत्या टप्प्यावर आधार दिलात?