प्रति: व्हेंटेड की हीट पंप?

कपडे वाळवायचा व्हेंटेड ड्रायर स्वस्तात मिळत असताना हीट पंपवाला कशाला, असं विचारलंय. तुम्ही तो किती वापरणार त्यावर आहे. व्हेंटेड मशीन तापलेली हवा सरळ बाहेर फेकतं. हीट पंप तीच उष्णता पुन्हा वापरतो, म्हणून वीज साधारण निम्मीच लागते. वेळ मात्र जास्त घेतो, आणि खोली फार गार असली की रखडतो. कधीमधीच लावणार असाल तर जादा पैसे वसूल व्हायला वर्षं जातील. नुसता टायमरवाला नकोच, ओलावा ओळखणारा सेन्सर हवा. आणि हो, आधी वॉशिंग मशीनचा स्पिन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर न्या (नाजूक कपडे सोडून). पाणी पिळून काढायला लागणारी वीज तेच तापवून उडवण्यापेक्षा कितीतरी कमी असते.